इंजिन गेलं, तर टॉवरला कधी सांगायचं?

गेल्या अंकात टेकऑफच्या तीन वेगांवर लेख होता. व्ही-वन, म्हणजे ज्यानंतर थांबायचा निर्णय घेता येत नाही तो वेग. व्ही-आर, म्हणजे नाक उचलायचा वेग. आणि व्ही-टू, म्हणजे एक इंजिन बंद असतानाही सुरक्षित चढता येईल असा वेग. त्यावर आलेली बहुतेक पत्रं मात्र वेगांबद्दल नव्हतीच. इंजिन बंद पडल्यावर नियंत्रकाशी काय, कधी आणि किती बोलायचं, हे विचारणारी होती. लिहिणाऱ्यांत शिकाऊ वैमानिक आहेत, नियंत्रक आहेत आणि खिडकीशेजारी बसणारे प्रवासीही. म्हणून या वेळचं सदर या एकाच विषयाला दिलं आहे.

आमचे एक प्रशिक्षक म्हणतात, इंजिन गेलं की ताबडतोब मेडे, म्हणजे संकटाचा रेडिओ-संदेश, द्या. दुसरे म्हणतात, चारशे फुटांपर्यंत तोंड उघडायचं नाही. कुणाचं ऐकू?
(शिकाऊ वैमानिक)

दुसऱ्यांचं ऐका, पण चारशे हा आकडा कुठून आला ते माहीत करून घ्या.

दोन इंजिनांच्या जेटचं एक इंजिन व्ही-वनच्या जरा पुढे गेलं, की नाक बंद इंजिनाकडे ओढलं जातं. उडवणाऱ्याने रडर, म्हणजे शेपटीचं सुकाणू, देऊन ते सरळ धरायचं आणि व्ही-आरला नेहमीपेक्षा सावकाश व थोडं कमी उचलायचं. एअरबस ए-३२० मध्ये हा सुरुवातीचा रोख साडेबारा अंशांचा असतो. चढण दिसली की गिअर, म्हणजे चाकं, वर. वेग व्ही-टू आणि व्ही-टू अधिक १० नॉट यांच्या दरम्यान जिथे असेल तिथेच धरायचा, ओढूनताणून व्ही-टूवर आणायचा नाही. २५ मे १९७९ रोजी शिकागोत एका डीसी-१० चं डावं इंजिन उड्डाणाच्या क्षणी निखळून पडलं आणि डाव्या पंखाचे बाहेरचे स्लॅट (कमी वेगात उचल वाढवणाऱ्या पुढच्या कडेच्या पट्ट्या) आत गेले. वैमानिकांना कॉकपिटमधून पंख दिसत नव्हता. त्यांनी तेव्हाच्या पद्धतीप्रमाणे वेग व्ही-टूवर, म्हणजे १५३ नॉटवर आणला. त्या अवस्थेत डावा पंख १५९ नॉटलाच स्टॉल होत होता, म्हणजे उचल गमावत होता. २७३ माणसं गेली आणि त्यानंतर ही पद्धत बदलली.

आता चारशे फूट. प्रमाणपत्राच्या नियमांत असं गृहीत धरलेलं आहे, की जमिनीपासून ४०० फुटांपर्यंत वैमानिक गिअर उचलण्यापलीकडे काही करणार नाही. प्रॉपेलर आपोआप फेदर होत असेल, म्हणजे त्याची पाती हवेला कमीत कमी अडवतील अशी वळत असतील, तर तेवढं. थ्रस्ट लिव्हरला हात नाही, फ्लॅपला (पंखांच्या मागच्या कडेच्या पट्ट्यांना) हात नाही, बंद इंजिनाचे स्विच शोधणं नाही. वजन कमाल असेल तर दोन इंजिनांचं विमान एका इंजिनावर मिनिटाला साधारण ३९० फूटच चढतं, त्यामुळे हे चारशे फूट गाठायला जवळजवळ एक मिनिट लागतं. कॉकपिटमध्ये ते मिनिट फार लांब वाटतं, आणि हात शिवशिवतात ते नेमके तेव्हाच. ४ फेब्रुवारी २०१५ रोजी तैपेईहून उडालेल्या एटीआर-७२ चं उजवं इंजिन आपोआप फेदर झालं होतं. कॅप्टनने काही सेकंदांतच डाव्या, म्हणजे धडधाकट इंजिनाचा लिव्हर मागे घ्यायला सुरुवात केली आणि पुढे तेच इंजिन बंद केलं. मेडे दिला गेला होता. विमान नदीत पडलं, ५८ पैकी ४३ जण गेले.

म्हणून क्रम असा: गिअर वर, वेग स्थिर, दिशा बरोबर. या तिन्ही गोष्टी झाल्या की न उडवणाऱ्या वैमानिकाने एक वाक्य बोलावं. ‘मेडे, मेडे, मेडे, अमुक फोर टू वन, इंजिन फेल्युअर, कन्टिन्यूइंग रनवे हेडिंग, स्टँडबाय.’ सहा-सात सेकंदांचं काम. यातलं ‘रनवे हेडिंग’, म्हणजे धावपट्टीच्याच दिशेने, सर्वांत मोलाचं, कारण बाकी सगळं नियंत्रकाला पाच मिनिटांनी कळलं तरी चालतं; तुम्ही कुठे चाललात हे मात्र त्याला आत्ता हवं असतं. याला एक अपवाद आहे. इंजिन बंद पडल्यास जायची कंपनीची वाट एसआयडीपासून, म्हणजे विमानतळाच्या ठरलेल्या निर्गमन-मार्गापासून, लवकर फुटत असेल, तर वळायच्या आधीच, अगदी तीनशे फुटांवर असलात तरी, ‘टर्निंग लेफ्ट’ एवढं सांगून टाका. पुढचं विमान कदाचित त्याच बाजूला असेल.

दुसरा, सविस्तर संदेश फ्लॅप वर गेल्यावर, मेमरी आयटम, म्हणजे पाठ असलेल्या तातडीच्या कृती, झाल्यावर. त्यात आयकाओ या आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या अनुबंध १० मधला क्रम येतो: कोणाला उद्देशून, विमानाचं नाव, काय झालंय, काय करायचा विचार आहे, जागा, उंची, हेडिंग. क्रम पाठ असावा. पण एखादी गोष्ट मागेपुढे झाली म्हणून कोणी तक्रार करत नाही.

एसआयडीच्या चार्टवर ३.३ टक्के चढण लिहिलेली असते. एका इंजिनावर तेवढी जमली नाही, तर नियंत्रक आपल्याला डोंगरापासून वाचवतो का?
(प्रशिक्षणार्थी, व्यावसायिक परवाना)

वाचवत नाही. या विषयातली सर्वांत धोकादायक गैरसमजूत हीच, म्हणून जरा सविस्तर.

एसआयडी आखताना सगळी इंजिनं चालू आहेत असंच धरलेलं असतं. आयकाओच्या पान्स-ऑप्स या मार्ग-आखणीच्या दस्तऐवजात तसं स्पष्ट म्हटलं आहे, आणि इंजिन गेल्यावर काय करायचं ते ठरवायची जबाबदारी विमान चालवणाऱ्या कंपनीवर टाकलेली आहे. ३.३ टक्के म्हणजे सागरी मैलाला २०० फूट. त्याखाली २.५ टक्क्यांचा एक कल्पित उतार धरतात. त्या उताराच्या वर एखादा अडथळा डोकावत असेल तरच त्याचा विचार होतो.

आता विमानाकडून किमान अपेक्षा काय असते ते पाहू. गिअर वर गेल्यावरच्या टप्प्यात, एक इंजिन बंद असताना, दोन इंजिनांच्या विमानाची चढण किमान २.४ टक्के हवी. तीन इंजिनांना २.७, चार इंजिनांना ३.०. यातूनही सावधगिरी म्हणून अनुक्रमे ०.८, ०.९ आणि १.० टक्का वजा करतात, आणि जी उरते त्या निव्वळ वाटेने प्रत्येक अडथळा किमान ३५ फुटांनी पार व्हायला हवा. दोन इंजिनांना उरतात १.६ टक्के, म्हणजे मैलाला ९७ फूट.

दहा सागरी मैलांवर हिशेब करा. एसआयडीने तुम्ही २,००० फुटांवर असायला हवं. २.४ टक्क्यांनी तुम्ही १,४६० फुटांच्या आसपास असाल. निव्वळ वाटेने ९७० फुटांवर. समजा तिथे १,३०० फुटांची टेकडी आहे. एसआयडी आखणाऱ्याच्या २.५ टक्क्यांच्या उताराची तिथली उंची १,५०० फुटांच्या थोडी वर, म्हणजे त्याच्या लेखी ही टेकडी नाहीच. ती चार्टवर कुठलीही जास्त चढण मागणार नाही. तुमची निव्वळ वाट मात्र तिच्या माथ्याच्या तीनशे फूट खालून जाते. म्हणून कंपनीचे अभियंते एक तर टेकडी बाजूला टाकणारी वेगळी वाट आखतात, नाही तर उड्डाणाचं वजन कमी करायला लावतात. ती वाट कंपनीच्या धावपट्टी-तक्त्यात असते, सरकारी चार्टवर नसते. नियंत्रकाच्या पडद्यावरही नसते. एकाच धावपट्टीवरून उडणाऱ्या दहा कंपन्यांच्या दहा वाटा वेगळ्या असू शकतात, आणि त्या सगळ्या नियंत्रकाने पाठ कराव्यात ही अपेक्षा धरण्यात अर्थ नाही.

अर्ध्या ताकदीवर चढण अर्धीच का होत नाही, असाही प्रश्न याच पत्रात आहे. चढण मिळते ती ओढ भागवून उरलेल्या थ्रस्टमधून, म्हणजे इंजिनाच्या पुढे ढकलणाऱ्या जोरातून. समजा दोन्ही इंजिनांचा मिळून थ्रस्ट वजनाच्या २५ टक्के आहे आणि टेकऑफच्या अवस्थेत हवेची ओढ वजनाच्या १० टक्के. उरले १५ टक्के, म्हणजे चढण १५ टक्के. एक इंजिन गेलं की थ्रस्ट साडेबारा, ओढ दहा, बाकी अडीच. निम्मी ताकद गेली आणि चढण सहापट घटली. बंद इंजिनाची आणि रडरची जादा ओढ यात अजून धरलेलीच नाही.

आणखी एक गोष्ट नियंत्रकांनाही ठाऊक असावी. वेग वाढवून फ्लॅप आत घ्यायच्या उंचीवर, जी बहुतेक कंपन्या १,००० किंवा १,५०० फूट ठेवतात, विमान काही मैल जवळजवळ सपाट उडतं. पडद्यावर उंचीचा आकडा थबकतो तो म्हणून. ‘चढत का नाही?’ असं तेव्हा विचारू नये. टेकऑफ थ्रस्टला ५ मिनिटांची, काही इंजिनांना १० मिनिटांची मर्यादा असते. तेवढ्यात हा टप्पा उरकायचा असतो.

मी कंपनीच्या वाटेने सरळ चाललो आहे आणि नियंत्रक म्हणाला ‘उजवीकडे वळा, हेडिंग एक-दोन-शून्य’. मग?
(सहवैमानिक)

‘अनेबल’, म्हणजे जमणार नाही. पुढे, जमलं तर, ‘फ्लाइंग इंजिन-आउट प्रोसीजर, स्ट्रेट अहेड, विल ॲडव्हाइज’. आणीबाणीत क्लिअरन्स, म्हणजे नियंत्रकाने दिलेली परवानगी, मोडायचा अधिकार कॅप्टनला आहे. शक्य तितक्या लवकर कळवायचं, एवढीच अट.

नियंत्रक चांगल्या मनाने वळवतो, कारण त्याला तुम्हाला लवकर धावपट्टीकडे आणायचं असतं. पण त्याची रडार-दिशा डोंगरापासून सुरक्षित असल्याची खात्री असते ती मिनिमम व्हेक्टरिंग अल्टिट्यूडच्या, म्हणजे रडारवरून वळवायच्या किमान उंचीच्या, वर. तुम्ही अजून तिच्या खाली रांगत असता. त्यात वळण महाग पडतं. व्ही-टूच्या आसपास बहुतेक कंपन्या १५ अंशांपेक्षा जास्त तिरकं होऊ देत नाहीत. १६० नॉटला १५ अंश म्हणजे वळणाची त्रिज्या १.४ सागरी मैल, आणि पूर्ण गोल फिरायला सव्वातीन मिनिटं. २५ अंशांनी हेच वळण ०.८ मैलात बसतं, आणि नियंत्रकाच्या डोळ्यांना सवय असते ती या वळणाची. तो ज्या पोकळीत तुम्ही मावाल असं समजतो तिच्यात तुम्ही मावणार नाही. वर तिरकं झालं की चढण आणखी घटते.

खरी पंचाईत होते ती इंजिन उशिरा गेलं तर. समजा एसआयडी चार मैलांवर डावीकडे वळते आणि कंपनीची वाट सरळ जाते. इंजिन गेलं सहा मैलांवर, वळण झाल्यानंतर. आता मागे फिरून सरळ वाटेवर येणं बहुतेक वेळा चुकीचं. चांगल्या कंपन्या हा फाट्याचा बिंदू तक्त्यात लिहितात: इथपर्यंत गेलं तर ही वाट, त्यापुढे गेलं तर एसआयडीवरच राहा, कारण तोवर सगळ्या इंजिनांनी कमावलेली उंची हाताशी असते. तक्त्यात लिहिलेलं नसेल तर टेकऑफच्या ब्रीफिंगमध्ये दोघांनी मिळून ठरवून घ्या. उडाल्यावर यावर चर्चा करायला वेळ नसतो.

रडारवर नवीन आहे. डिपार्चर फ्रिक्वेन्सीवर मेडे आला तर पहिल्या मिनिटात मी काय करू, आणि काय करू नको?
(हवाई वाहतूक नियंत्रक, प्रशिक्षण सुरू)

पहिलं, पोच द्या. ‘अमुक फोर टू वन, रॉजर मेडे.’ एवढंच पुरे. त्याच दमात प्रश्न जोडू नका.

दुसरं, त्याच्या पुढची आणि आजूबाजूची विमानं हलवा. त्याला हलवू नका. तो सरळ जाणार हे कळलं असेल तर सरळ पट्टा मोकळा; कळलं नसेल तर दोन्ही बाजू मोकळ्या. त्याला दिलेली उंचीची मर्यादा अडचणीची असेल तर ती उठवा.

तिसरं, टॉवरला एक वाक्य: उड्डाणं थांबवा. १५ जानेवारी २००९ रोजी न्यूयॉर्कमध्ये पक्षी धडकून दोन्ही इंजिनं गेलेल्या ए-३२० च्या वेळी नियंत्रकाने हेच केलं. वैमानिकाने परत वळत असल्याचं सांगताच त्याने टॉवरला उड्डाणं थांबवायला सांगितलं आणि मग धावपट्ट्या एकेक करून देऊ केल्या, प्रत्येक वेळी होय-नाही उत्तर देता येईल अशा छोट्या वाक्यात. वैमानिकाची उत्तरंही दोन-तीन शब्दांची होती. विमान हडसन नदीत उतरलं आणि १५५ जण वाचले. त्या संभाषणाचा लेखी उतारा प्रसिद्ध झालेला आहे. नियंत्रक-प्रशिक्षणात तो वाचायलाच हवा.

चौथं, फ्रिक्वेन्सी. बदलायला सांगू नका. बाकीच्यांना दुसरीकडे पाठवा, किंवा ‘स्टॉप ट्रान्समिटिंग, मेडे’ म्हणून गप्प करा. एकाच वेळी दोघं बोलले की दोन्ही संदेश चिरडतात.

‘किती माणसं, किती इंधन?’ हा प्रश्न तुमच्या फॉर्मवर असतो, अग्निशमनवाल्यांना ते आकडे लागतातही. पण विमान दीड हजार फुटांखाली असताना तो विचारण्यात काही अर्थ नाही. वैमानिक स्वतःहून बोलेपर्यंत थांबा, किंवा तो ‘गो अहेड’ म्हणेल तेव्हा विचारा. इंधन तास-मिनिटांत मागा. धोकादायक माल आहे का, तेही तेव्हाच.

उत्तर आलं नाही म्हणजे ऐकू गेलं नाही असं धरू नका. शिकागोच्या ज्या अपघाताचा वर उल्लेख आला, त्यात टॉवरने इंजिन पडताना पाहिलं आणि ‘परत यायचंय का, कोणत्या धावपट्टीवर?’ असं विचारलं. उत्तर आलंच नाही. मेडेसोबत विमानाचं नाव नसेल तर मात्र एकदा विचारावं लागतं. १२ जून २०२५ च्या अहमदाबादच्या अपघाताच्या प्राथमिक अहवालात तसं नोंदलं आहे: मेडे आला, नियंत्रकाने कॉल साइन विचारलं, प्रतिसाद आला नाही, आणि विमान हद्दीबाहेर कोसळताना दिसताच त्याने आपत्कालीन यंत्रणा हलवली. एकदा विचारून थांबायचं आणि हात पुढच्या कामाला लावायचे, हे तिथे दिसतं.

बाहेरून तुम्हाला जे दिसतं ते सांगा. धूर, ज्वाळा, धावपट्टीवर पडलेले तुकडे हे वैमानिकाला आतून दिसत नाही. कोणत्या बाजूला दिसतंय तेही सांगा. पण कोणतं इंजिन बंद करायचं ते वैमानिकाला ठरवू द्या.

मेडे की पॅन-पॅन? उगाच मेडे दिला तर चौकशी होते असं ऐकलं आहे.
(शिकाऊ वैमानिक)

दोन इंजिनांच्या विमानाचं टेकऑफला एक गेलं, तर मेडे. चार इंजिनांपैकी एक गेलं आणि बाकी सगळं ठीक असेल, तर पॅन-पॅन चालतं. तातडीची मदत हवी असेल तर मेडे, सुरक्षिततेचा प्रश्न आहे पण तातडीची मदत नको असेल तर पॅन-पॅन, अशी आयकाओची वाटणी आहे. परिस्थिती आटोक्यात आल्यावर मेडे मागे घेऊन पॅन-पॅन करता येतो. उलट्या दिशेने, म्हणजे उशिरा मेडे देताना, वेळ गेलेली असते. चौकशीत फार तर चार कागद भरावे लागतात.

हे दोन शब्द सोडून दुसरं काही बोलू नका. ‘आम्हाला जरा अडचण आहे’, ‘प्राधान्य द्या’ यांतून नियंत्रकाला नेमकं काहीच कळत नाही. २५ जानेवारी १९९० रोजी न्यूयॉर्कजवळ इंधन संपून पडलेल्या एव्हियांका ५२ च्या वैमानिकांनी इंधन संपत आल्याचं सांगितलं, प्राधान्यही मागितलं, पण आणीबाणी जाहीर केली नाही. १५८ पैकी ७३ जण गेले.

रडारवर दिसणारा आणीबाणीचा कोड ७७०० लगेच लावायचा का?

बहुतेक वेळा नाही. टेकऑफला तुमच्याकडे नियंत्रकाने दिलेला कोड असतो आणि तो तुमच्याशी बोलतही असतो. तोच कोड ठेवा. त्याने सांगितलं, किंवा तुम्हाला ठोस कारण वाटलं, तरच ७७००. कोड बदलताना खाली बघावं लागतं, तेवढं लक्ष तेव्हा विमानाला द्या. संपर्कच होत नसेल तर गोष्ट वेगळी.

टीकॅस, म्हणजे दुसऱ्या विमानाशी टक्कर टाळणारी यंत्रणा, मात्र विसरू नका. अनेक विमानांच्या इंजिन-बंद चेकलिस्टमध्ये तो ‘टीए ओन्ली’वर, म्हणजे फक्त इशारा देण्यावर, ठेवायला सांगतात, कारण ‘चढा’ असा त्याचा हुकूम एका इंजिनावर पाळता येत नाही. मग समोरच्या विमानाचा टीकॅस तुमच्याशी ताळमेळ घालत नाही आणि टाळायचं सगळं काम त्याच्यावर पडतं. नियंत्रकाने अंतर जरा सढळ ठेवायचं ते यासाठीही.

एका इंजिनाच्या ट्रेनरमध्ये उड्डाणानंतर इंजिन बंद पडलं, तर मागे वळून धावपट्टीवर येता येईल का? किती उंची हवी?
(शिकाऊ वैमानिक, पहिलं सोलो व्हायचंय)

कागदावर करून पाहा. वेग ६५ नॉट, तिरकस ३० अंश. वळणाची त्रिज्या ६५० फूट. १८० अंश फिरलात की धावपट्टीच्या रेषेपासून तुम्ही १,३०० फूट बाजूला, तिला समांतर. म्हणून आणखी वळायचं, मग उलटं वळून रेषेवर यायचं. सगळं मिळून २४० ते २७० अंश. सेकंदाला साधारण पावणेदहा अंशांनी हे २५ ते २८ सेकंदांचं काम. तिरकं असताना उंची मिनिटाला ८०० ते ९०० फुटांनी जाते, म्हणजे वळणातच ३५० ते ४०० फूट. त्याआधी ‘हे खरंच झालंय का’ या विचारात चार-पाच सेकंद गेलेले असतात. शिवाय ३० अंशांना स्टॉलचा वेग ७ टक्क्यांनी वाढतो, ४५ अंशांना १९ टक्क्यांनी. आणि जमीन जवळ दिसली की माणूस नकळत जास्त तिरकं करतो आणि स्टिक मागे ओढतो. पुढे वाऱ्याच्या दिशेने उतरायचं असतं. तुमच्यामागे उड्डाणाची परवानगी मिळालेलं विमान त्याच धावपट्टीवर समोरून येत असेल, तेही धरा.

सोलो, म्हणजे एकट्याने उड्डाण, करणाऱ्याने म्हणून मागे वळायचा विचारच करू नये. नाक लगेच खाली, ग्लाइडचा वेग, समोरच्या ३० अंश डावी-उजवीकडे मिळेल ते मोकळं रान. मग इंधन बंद, मिक्श्चर बंद, मॅग्नेटो (ठिणगीचे स्विच) बंद, फ्लॅप हवेत तेवढे, फ्लॅप लागल्यावर मास्टर (विजेचा मुख्य स्विच) बंद, दाराची कडी सैल. हात मोकळा असेल तर मास्टरच्या आधी रेडिओवर एक ओळ: मेडे, नाव, ‘लँडिंग अहेड’. नसेल तर राहू द्या. टॉवर तुमच्याकडे बघत असतो.

व्ही-वनच्या आधी थांबलो तर?

एकच शब्द: ‘स्टॉपिंग’, नावासह. तोही ब्रेक, थ्रस्ट, स्पॉयलर झाल्यावर. थांबल्यावर आगीची शंका असेल तर धावपट्टी रिकामी करायची घाई करू नका. जागच्या जागी राहा, टॉवरला बाहेरून काय दिसतंय ते विचारा. जास्त वेगात थांबल्यावर ब्रेक इतके तापतात की चाकांतले फ्युजिबल प्लग वितळून टायरमधली हवा सोडतात. तसं झालं नाही तर चाक फुटू शकतं. म्हणून गरम चाकांकडे बाजूने कोणी जायचं नाही, समोरून किंवा मागून जायचं. अग्निशमनवाल्यांना ‘हॉट ब्रेक्स’ हे शब्द आठवणीने सांगा.

एक इंजिन बंद असूनही विमान अर्धा-पाऊण तास घिरट्या घालत होतं. लगेच का उतरले नाहीत?
(प्रवासी)

आग विझत नसेल तर लगेच उतरतात, वजन कितीही असो. आग नसेल तर घाई करायची गरज नसते, घाईतच जास्त चुका होतात. इंजिन सुरक्षित बंद झाल्याची खात्री, चेकलिस्ट, उतरायच्या अंतराचा नवा हिशेब, केबिनला सूचना, यात पंधरा-वीस मिनिटं सहज जातात. नियंत्रकाला सांगून कुठेतरी होल्डमध्ये किंवा लांबच्या वळणावर राहायचं आणि दहा-पंधरा मैलांची लांब फायनल, म्हणजे उतरायची सरळ वाट, मागायची, हे चांगलं.

वजनाचं असं, की ए-३२० आणि ७३७ मध्ये इंधन हवेत सोडायची सोयच नाही. ही विमानं एक तर इंधन जाळत फिरतात, नाही तर जास्त वजनाने हळुवार उतरतात आणि मग त्यांची तपासणी होते. मोठ्या विमानांना सोय असते. तेव्हा नियंत्रक त्यांना शक्यतो ६,००० फुटांच्या वर ठेवतो. इतर विमानं १० सागरी मैल दूर. मागच्या बाजूला १५ मिनिटांच्या किंवा ५० मैलांच्या आत कोणी असेल, तर ते किमान १,००० फूट वर किंवा ३,००० फूट खाली.

उडालो त्याच विमानतळावर धुक्यामुळे परत उतरता येत नसेल तर?
(सहवैमानिक)

त्यासाठी टेकऑफ अल्टरनेट, म्हणजे जवळचा पर्यायी विमानतळ, असतो, आणि तो उड्डाणाआधीच फ्लाइट प्लॅनमध्ये निवडलेला हवा. दोन इंजिनांच्या विमानासाठी तो एका इंजिनाच्या क्रूझ वेगाने एका तासाच्या आत, तीन किंवा जास्त इंजिनांसाठी दोन तासांच्या आत असावा लागतो. डिपार्चर नियंत्रकासमोर मात्र तुमचा मूळ मुक्कामच लिहिलेला असतो. टेकऑफ अल्टरनेट त्याला सहसा दिसत नाही, आणि मेडे ऐकल्यावर तुम्ही परत इथेच येणार असं धरून तो धावपट्टी मोकळी करायला लागतो. म्हणून दुसऱ्या, सविस्तर संदेशात ‘काय करायचा विचार आहे’ इथे त्या विमानतळाचं नाव स्पष्ट सांगा आणि तिथलं ताजं हवामान मागून घ्या. पुढच्या सेक्टरला, तिथल्या टॉवरला आणि अग्निशमन दलाला कळवायला त्याला जितका वेळ मिळेल तितका हवाच असतो.